अयोध्याची माय फर्स्ट क्लासात

फर्स्ट क्लास बंद होणार ही बातमी अयोध्याला विमानात कळली नाही. कळली ती घरी, भोकरजवळच्या गावात, अंगणात उन्हाला टाकलेल्या हळदीशेजारी. ती रजेवर आली होती. मोबाईलवर कंपनीचा निरोप आला तसा तिचा चेहरा उतरला. तिच्या आईनं, नागाबाईंनी, हळद पसरता पसरता तो बरोबर टिपला.

"काय झालं गं? नौकरी गेली का?"

"नौकरी हाय माय. पण मी जिथं काम करते ती जागाच काढून टाकायलेत."

नागाबाईंना हे काही उमगलं नाही. नोकरी आहे आणि जागा नाही, हे कसलं कोडं?

अयोध्या आखातातल्या एका विमान कंपनीत हवाई सेविका होती. वडील देविदास वारले तेव्हा ती पाचवीत होती. शेत नागाबाईंनी स्वतः कसलं, आणि पोरीला लातूरला होस्टेलात ठेवून शिकवलं. लातूरला पाठवलेलं पोर डॉक्टरच व्हायचं, असा तिकडचा रिवाज. अयोध्या काही डॉक्टर झाली नाही. पण हैदराबादला विमानातल्या नोकरीसाठी मुली निवडतायत असं मैत्रिणीकडून कळलं, आणि ती एसटीत बसून गेली. तिथं वरच्या सामानाच्या कप्प्यापर्यंत हात पोचतो का हे बघायला टाचा उंचावून भिंतीवरच्या खुणेला हात लावायचा होता. जन्मभर माळ्यावरचे डबे काढलेल्या पोरीचा हात खुणेच्या वीतभर वर गेला.

निवड झाल्याचं कळल्यावर अण्णाराव काकांनी बैठकीत सगळ्यांदेखत तोंड वाकडं केलं. "देविदासची पोरगी लोकायची उष्टी ताटं उचलायला चालली."

नागाबाई आतून चहा घेऊन येत होत्या. कप त्यांनी काकांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "उष्टी तर म्या बी जलमभर काढली, भाऊजी. तिला त्याचा पगार तरी भेटंल."

अण्णारावांनी कप उचलला. अयोध्या गेली, ती थेट आकाशात.

सुरुवातीची वर्षं तिनं विमानाच्या मागच्या, स्वस्त तिकिटांच्या गर्दीत काढली. मग परीक्षा देत देत ती अगदी पुढच्या, पडद्याआडच्या दालनात पोचली. तिथं प्रत्येक प्रवाशाला दार लावता येईल अशी स्वतःची खोलीच असे. पांढरं कापड अंथरून जेवण, काचेचे पेले, झोपायला गादी. तिथं काम मिळणं हा तिच्या धंद्यातला मोठा मान. कोणता प्रवासी बोलायला उत्सुक आहे आणि कोणाला एकटं सोडायचं, हे ती तो दारातून आत येतानाच ओळखायची.

पण अलीकडे तिलाच तिथं करमत नव्हतं. मधल्या, बिझनेस क्लासातल्या खुर्च्यांचाही आता पलंग होऊ लागला होता. मग त्याहून महाग तिकीट कोण काढणार? मोठ्या कंपन्यांनी आपल्या साहेबांना ते देणं बंद केलं. जे खरोखरच कुबेर होते त्यांनी स्वतःची विमानं घेतली. पुढची खोल्यांची रांग रिकामी उडायची. अयोध्या रिकाम्या गाद्यांवरच्या चादरी झटकून पुन्हा नीट करायची. आता त्या खोल्या उपटून तिथं साध्या खुर्च्यांच्या रांगा बसवणार होते.

त्या दुपारी हळदीकडे बघता बघता तिच्या मनानं एकदम उचल खाल्ली. कंपनी नोकरांच्या आईवडिलांना प्रवासाची सवलत देत असे. पुढची खुर्ची रिकामी असेल तरच मिळायची, म्हणून अयोध्यानं कधी तो विचारच केला नव्हता. आता तर तिथं रिकाम्या खुर्च्याच होत्या!

"माय, तू माझ्याबरोबर चल. फर्स्ट क्लासात."

"मी? आन् हळद कोण भरील?"

"काकांचा भागवत भरील."

"त्या खुर्चीत बसून मी काय करू? येडी का काय तू!"

"काय करू नकोस. तुझी लेक इतकी वर्षं काय करून राहिली ते एकदा डोळ्यानं बघ. पुढच्या महिन्यात बघायला काही राहणार न्हाई."

नागाबाईंचा हात थांबला. त्यांनी हातातली हळद खाली टाकली. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "तू मागं काढायला लावलेला पासपोर्ट ट्रंकेत हाय. काढ."

फर्स्ट क्लासच्या शेवटच्या आठवड्यात अयोध्यानं हैदराबादहून निघणारी सकाळची फेरी मागून घेतली. अण्णारावांचा मुलगा भागवत काकूंना गाडीनं विमानतळावर घेऊन आला. नागाबाईंनी लग्नाकार्यात नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं, पायात वहाणा, काखेत फडक्यात बांधलेलं गठुडं. गणवेशातली लेक समोर आली तेव्हा त्या तिच्याकडे नुसत्या बघतच राहिल्या. लेकीला त्यांनी गणवेशात फोटोतच पाहिलं होतं.

कंपनीच्या काउंटरवरच्या तरुणानं तिकीट पाहिलं, नागाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, नोकरांच्या नातेवाइकांना पुढं बसवायचं तर कपडे नियमाप्रमाणे लागतात. ह्यांना मागची सीट देतो."

भागवत खाली बघू लागला. नागाबाई हळूच म्हणाल्या, "असू दे बाई. मागं तर मागं. इमान तर एकच हाय ना?"

"न्हाई, माय." अयोध्या काउंटरजवळ गेली. आवाज तिनं चढवला नाही. रागावलेल्या श्रीमंतांना शांत करण्यात तिची उमर गेली होती, तोच आवाज तिनं लावला. "नियमात लिहिलंय, समारंभाचा पोशाख हवा. माझ्या भागात ह्यापेक्षा मोठ्या समारंभाचा पोशाख नाही. ह्याच लुगड्यात माझ्या आईनं भावकीतली लग्नं लावली, गावाच्या पंगती उठवल्या. तुमच्याकडे ह्याच्यावरचं काही असेल तर दाखवा."

तरुणानं आपल्या वरिष्ठ बाईंना बोलावलं. सुकन्या त्यांचं नाव, अस्सल हैदराबादी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लुगड्याचा काठ निरखला आणि नागाबाईंकडे वळून विचारलं, "टिफिन अयिंदा, अम्मा?"

न्याहारी झाली का, एवढंच विचारलं होतं. पण नागाबाईंचं माहेर तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादचं. बाजारात तेलुगू ऐकत वाढलेल्या त्या. "अयिंदम्मा!" म्हणाल्या आणि मग जी गाडी सुटली ती थांबेना. धर्माबादची मिरची, माहेरची माणसं, हळदीचं काम, सगळं निघालं. सुकन्याबाई हसत हसत ऐकत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पुढचं तिकीट छापलं आणि दोन्ही हातांनी नागाबाईंना दिलं.

विमानात पहिल्या खिडकीशेजारची खोली. नागाबाईंनी दार सरकवून पाहिलं, परत उघडलं, परत लावलं. गादी हातानं दाबली. विमान वर चढलं तशी त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. ढग खाली गेले तेव्हा सोडले.

अयोध्यानं समोर पांढरं कापड अंथरलं. नागाबाई लगेच उठायला लागल्या. "दे, मी घेते वाढून."

"बस माय. आज तू बस. मी वाढते."

तिनं एकेक ताटली आणली, बाजूला वाकून वाढली, काय काय आहे ते हळू आवाजात सांगितलं. राजघराण्यातल्या माणसांना वाढावं तसं. नागाबाई ताटाकडे कमी आणि लेकीच्या हातांकडे जास्त बघत होत्या. त्यांचे डोळे भरले, पण त्यांनी ते वाहू दिले नाहीत. गठुडं सोडून त्यांनी शेंगदाण्याची चटणी काढली, ताटात चिमूटभर घेतली आणि लेकीला म्हणाल्या, "लई चांगलं काम करतीस गं. मला वाटायचं नुसतं च्या देतीस."

अयोध्याला आजवर कंपनीची प्रशस्तिपत्रं मिळाली होती. ह्या वाक्यानं मात्र ती उभ्या जागी थबकली.

थोड्या वेळानं ती फळं घेऊन आली तर खोली रिकामी! चादर घडी केलेली, गठुडं गायब. ती घाबरून पडदा सारून मागं धावली. मधला भाग ओलांडला आणि मागून हसण्याचा आवाज आला.

नागाबाई तिथं तीन बायांच्या मधोमध बसल्या होत्या. एक इस्लापूरची म्हातारी, लेकाकडे पहिल्यांदाच निघालेली, विमान सुटल्यापासून रडत होती म्हणे. आता तिच्या हातात नागाबाईंच्या गठुड्यातलं धपाटं होतं. आजूबाजूला बसलेले, आखातात कामाला निघालेले कामगारही धपाटी खात होते. पुढच्या खोलीतली चॉकलेटं एका लेकराच्या ओंजळीत होती.

"माय! तिथं एवढी जागा सोडून हितं?"

"तिथं बोलायला माणूसच न्हाई गं. हितं बघ, सगळं गाव हाय. तू बी ये की हितं, चटणी हाय अजून."

इस्लापूरच्या म्हातारीनं अयोध्याकडे पाहिलं. "ही तुमची लेक? ताई, खाली उतरल्यावर कुठं जायचं ते मला सांगताल का?"

अयोध्या तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं सगळं तिला समजावून सांगितलं. मग पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी विचारलं. मग आणखी कुणी. पुढच्या दालनात वर्षभरात तिची इतकी गरज कुणाला लागली नव्हती.

महिनाअखेरीस कंपनीनं पुढच्या दालनातल्या सगळ्यांना विचारलं, सोडून जायचं की मागं काम करायचं. काहीजणी रडल्या, काहीजणी गेल्या. अयोध्यानं मागचं काम घेतलं आणि त्याच महिन्यात केबिन प्रमुखाच्या परीक्षेला बसली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "फर्स्ट क्लास गेल्याचं दुःख नाही?" ती म्हणाली, "मी तिथं शिकले ते माझ्या हातात आहे. ते तुम्हाला उपटून काढता येणार नाही." ती पहिली आली.

पहिल्यांदा अख्खं विमान तिच्या हाताखाली आलं, ती फेरी हैदराबादचीच होती. स्वागताचं बोलणं अरबीत झालं, इंग्रजीत झालं, तेलुगूत आणि हिंदीत झालं. मग अयोध्यानं माईक तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "नमस्कार मंडळी. नांदेड, लातूर, किनवट, भोकर, कुठून कुठून आलात तुम्ही. निवांत बसा. काही लागलं तर हाक मारा, लाजू नका."

विमानात मराठी ऐकू येतेय, हे क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "हाव ताई!" आणि अख्ख्या विमानात टाळ्या कडाडल्या.