पेटीतलं वरण

मागच्या मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान, पेटीवाली आत्या गुढियारीतल्या घरी स्वयंपाकघरात पडली. शेजारीण आत गेली तेव्हा गॅस बंद होता आणि पेटीचं झाकण लागलेलं होतं.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. वर्तमानपत्रातल्या नोकरीसाठी मी नागपूरहून रायपूरला आलो आणि सहा वर्षं तिच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. ती रेल्वेच्या मालधक्क्यावर शिपाई होती. नवरा लवकर गेलेला. सगळा पारा, अख्खा मोहल्ला, तिला पेटीवाली म्हणायचा तो तिच्या लाकडी पेटीमुळे. पेटीत अभनपूरहून आणलेला पैरा, म्हणजे भाताचं तणस, आणि नवऱ्याचा जुना लोकरी कोट ठासलेला असे. सकाळी तुरीच्या डाळीला खळखळून उकळी आणायची, पातेलं पेटीत पुरायचं आणि ड्युटीवर जायचं. दुपारी परतेपर्यंत डाळ मऊ झालेली असे. "आगीचं काम झालं," ती म्हणे, "आता गर्मीले करू दे."

एकदा मी मध्येच झाकण उचललं. डाळ कच्ची राहिली. "काहून रे पोट्ट्या, पातेल्याची बी बातमी काढून राहिला का?" तिने तीच डाळ मला वाढली आणि समोर बसून संपवायला लावली.

ती निवृत्त झाली तेव्हा मी स्टीलचा थर्मल कुकर आणून दिला. आतलं भांडं उकळायचं, बाहेरच्या भांड्यात ठेवून द्यायचं, पैरा लागत नाही, हे समजावून सांगितलं. ती "हव, हव" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अख्खा कुकर पेटीत, वरून कोट. "थंडी काय माणसालेच वाजते?"

जेवणारा आल्याशिवाय ती झाकण उघडत नसे आणि स्वतः घासही घेत नसे. "पाव्हणा रस्त्यात अन् मी तोंड चालवू?" मी फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर तिने माझ्यासाठी रविवार ठरवून दिला. पहिल्या वर्षी मी बहुतेक रविवारी गेलो. नंतर फोन जास्त, जाणं कमी.

तिला शुगरची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागे. त्या रविवारी साडेबाराला मी फोनवर "निघालो" म्हणालो. तेव्हा मी ऑफिसातच होतो. दीड वाजता तिचा फोन आला.

"कुठं अटकून राहिला? गोळी घेतली नं मी."

"पाचच मिनिटं, आत्या. तू जेवून घे."

"चूप. ये आरामात. गर्मी कुठं नाही जात."

त्यानंतर मी एक बातमी तपासली, मग दुसरी. तीनला फोन लावला, तो शेजारणीने उचलला.

साखर उतरली होती आणि पडताना डोकं ओट्यावर आपटलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती थोडं बोलली.

"झाकण कोणं खोललं?"

"मीच."

"शिजली होती नं?"

"हव."

"जेवला?"

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात ती गेली.

झाकण मी सोमवारी सकाळी उघडलं होतं. डाळ पूर्ण शिजली होती आणि आंबली होती. ती मी मोरीत ओतली.