खंडेनवमीचे बिल्ले

डॉक्टरांच्या लेखी प्रश्न मिटलेला होता. दानम्माला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पण वेळेत सापडलेला. पंचवीस दिवस रेडिएशनचा शेक घेतला की बाई बरी होण्याची चांगली आशा आहे, असं त्यांनी कोल्हापुरात तिला समोर बसवून सांगितलं होतं. आणि दानम्मा हातकणंगल्याच्या घरात भिंतीला टेकून, जाणार नाही म्हणजे नाही, म्हणत होती. दीड महिना झाला. तिचा नवरा शिवशरण मगदूम, निम्मं आयुष्य ह्याच किरणांच्या संगतीत गेलेला माणूस, पण बायकोला पटवता पटवता त्याची जीभ झिजली.

पटणार तरी कसं? त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं त्याच किरणांनी खाल्ली होती, आणि ती जखम रोज दानम्मानंच धुतली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिनं ताकाचं भांडंच पालथं घातलं.

शिवशरण एकवीस वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा तपासणी शॉपमध्ये कामाला. फौंड्रीतून आलेल्या ओतकामाचे फोटो काढायचे. कॅमेरा म्हणायचे, पण ती पंचवीस किलोची जड पेटी. आत ज्वारीच्या दाण्याएवढी, सतत किरण सोडणाऱ्या इरिडियम धातूची गोळी. हँडल फिरवलं की गोळी नळीतून बाहेर जाते, किरण लोखंडाच्या आरपार जातात आणि पोटातली भेग फिल्मवर उमटते. एकदा अणुवीज केंद्राकडं निघालेल्या पंपाच्या ओतकामात त्यानं केसाएवढी चीर पकडली होती. आपल्या घरात लाईट येती ती असल्या कामावर, ती चीर सुटली असती तर काय झालं असतं, हे तो गल्लीत छाती फुगवून सांगायचा. खोटं नव्हतं त्यात काही. शिवाय कुरुंदवाडच्या अक्काला, त्याच्या थोरल्या बहिणीला, बारा वर्षांपूर्वी अशाच शेकानं वाचवलेलं. अक्का अजून म्हशीची धार काढते. म्हणून त्या पेटीवर त्याचा जीव. देवच मानायचा तिला, आणि इथंच तर घोडं पेंड खातं.

गेल्या नवरात्रातल्या अष्टमीला गोळी नळीत अडकली. किरण दाखवणाऱ्या मीटरची बॅटरी गेलेली. नियम सांगतो, लांब व्हा, साहेबाला बोलवा. पण उद्या पूजा, काम आज उरकायचं. गोळी पेटीत परत आली असं धरून ह्या शहाण्यानं नळीचं टोक उघड्या हातानं सोडवलं. नळीत गोळी दिसली तेव्हा चूक कळली. नळी पुन्हा जोडली, हँडल मारून गोळी पेटीत घातली आणि गप्प बसला. दुखलं नाही, भाजलं नाही. अहो, तीच तर त्या किरणांची खोड, त्या वेळी काही म्हणजे काही कळत नाही.

छातीवरच्या बिल्ल्याला मात्र कळलं होतं. अंगाला किती किरण लागले ते बिल्ला टिपतो, आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लेथला हार, पान्ह्यांना हार, मग पेटीलाच नको का? शिवशरणनं तिला विभूती लावली, झेंडू वाहिला, आणि शॉपमधल्या पाचही जणांचे बिल्ले गोळा करून तिच्यावर मांडले. बिल्लं म्हणजे पण हत्यारच की, असं त्याचं म्हणणं. पेटी बंद असली तरी तिच्यातून थोडे किरण झिरपतातच. दसरा उलटेपर्यंत बिल्ले तिथंच पडून राहिले.

तपासणीत पाचही बिल्ले भलतेच चढलेले निघाले. तपासणाऱ्या कचेरीकडून विचारणा आली. मॅनेजरनं पूजेचं कारण लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शिवशरणनंही केली; खोटं काय होतं त्यात? बोटं तोवर काळी पडत चाललेली, आणि हा गरम ओतकामाचा चटका अशी मनाची समजूत घालून कोरफड लावत होता.

मुंबईत बोटं काढायची वेळ आली तेव्हा कुठं त्यानं अष्टमीची गोष्ट तोंडातून काढली. वरातीमागून घोडं! तरीही बिल्ले तपासणाऱ्या कचेरीला त्यानं अर्ज केला. भरपाई नको होती त्याला. एक आकडा हवा होता, आपल्याला किती लागलं तेवढा. तो दानम्मापुढं ठेवून सांगायचं होतं की बघ, मला एवढं लागलं, माझ्या चुकीनं, बेमाप. तुला देणार ते इतकंच, मोजून, नेमक्या जागी. औषध आणि विष ह्यांत फरक मापाचा. डॉक्टर सांगून थकले होते, अक्का रडून गेली होती. शेवटी दानम्मा एवढंच म्हणाली होती की कागद येऊ दे, आकडा बघून जाईन.

मंगळवारी कागद आला. शिवशरणनं दातानं पाकीट फाडलं. पाचही बिल्ल्यांवरची नोंद पूजेच्या वेळची आहे, त्यातून एका माणसाला किती लागलं ते वेगळं काढता येत नाही, सबब अर्जदाराच्या नावावर शून्य धरलं आहे. खाली त्याच्याच सहीचा हवाला.

बोटं गेली तेव्हासुद्धा त्याला एवढं भकास वाटलं नव्हतं. राग तरी कुणावर काढणार? बिल्ले त्यानंच मांडले होते, भक्तीनं मांडले होते.

दानम्मानं कागद मागून घेतला, सावकाश वाचला, घडी घालून परत दिला.

“शून्य लागलं म्हनत्यात, तर तुमची तीन बोटं गेली,” ती म्हणाली. “मला तर पंचवीस दिवस मोजून द्यायचं हाय. माझं काय ऱ्हाईल वो?”

शिवशरणनं कागद पाकिटात सारला. संध्याकाळी त्यानं डॉक्टरांना फोन केला आणि सोमवारपासून दानम्माच्या शेकासाठी धरून ठेवलेली वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगितलं.