मागच्याची घागर

उत्तरेतल्या त्या बर्फाळ चौकीचं नाव मी लिहीत नाही. नावाला फारसा अर्थही नव्हता. नकाशावर एक आकडा होता आणि जागेवर फायबरच्या चार झोपड्या. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, प्लाटूनचा जेसीओ. गाव औसा. हाताखाली आमच्या मुलखातले दोघे. नाईक अंतोन हा जळकोटच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका ख्रिस्ती वस्तीचा. शिपाई बालाजी धर्माबादचा, मिरचीच्या बाजारात हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा. हे दोघे बडी होते. बडी म्हणजे जोडी. एकाच्या दोराची गाठ दुसऱ्यानं तपासायची, एकाचे पाय गोठले तर दुसऱ्यानं चोळायचे. फौज हे सगळ्यांना शिकवते. अंतोनला ते घरूनच येत होतं.

चहाच्या वेळी तो केटली उचलायचा, बालाजीचा मग भरायचा, केटली खाली ठेवायचा आणि आपला रिकामा मग पुढ्यात घेऊन बसायचा. कुणीतरी भरून देईपर्यंत. कुणी लक्ष दिलं नाही तर चहा थंड व्हायचा, आणि तिथं त्याला फार वेळ लागत नाही.

"घे की वतून. हात मोडले का तुहे?" बालाजी म्हणायचा.

"तू वत."

"मी काय तुही बायको हाव?"

"बायकोनं एवढी बडबड केली नसती. वत गप."

बालाजी ओतायचा. शिव्या देत, पण ओतायचा.

मी एकदा विचारलं तेव्हा अंतोननं विहिरीचं सांगितलं. निजामाच्या राज्यात त्याच्या वस्तीवर एक गोरा पाद्री आला होता, फादर अल्बान. लोकांच्या तोंडी अल्बानबाबा. तो कुठल्या देशाचा यावर गावात आजही दोन गट आहेत. दुष्काळात त्यानं गावकऱ्यांबरोबर स्वतः कुदळ मारून विहीर खणली. पाणी लागलं आणि लगेच भांडण लागलं. आधी कुणी शेंदायचं, कुणाचा पोहरा कुणाला बाटवतो, वगैरे. बाबानं एकच नियम घातला. आपली घागर आपण भरायची नाही. शेंदलेलं पाणी मागच्याच्या घागरीत ओतायचं. शेवटचा असेल त्यानं पहिल्याची भरायची. म्हणजे पहिला येणारा सगळ्यांत शेवटी घरी जाणार, आणि प्रत्येकाच्या पाण्याला दुसऱ्याचा हात लागणार. ज्यांना हे चाललं नाही ते लांबच्या ओढ्यावर गेले. उन्हाळा चढला तसे मुकाट्यानं परत आले.

बाबा तिथंच तापानं गेला. विहिरीशेजारीच त्याला पुरलं. त्याच्या प्रवचनातलं एक वाक्य गावात कुणाला आठवत नाही. घागरीचा नियम लेकरांनाही माहीत आहे.

त्या दिवशी सकाळी आमची लिंक पेट्रोल, म्हणजे दोन चौक्यांमधली गस्त, खालून रॉकेलचे जेरीकॅन घेऊन परतत होती. दोन दोर होते. पुढच्यावर मी आणि दोन जवान, मागच्यावर अंतोन आणि त्याच्या मागे बालाजी. हवा स्वच्छ होती. एक उतार आडवा कापायचा होता. आम्ही तिघे खडकापाशी पोचलो आणि मागे आवाज झाला. फार मोठा नाही. जाड कापड फाटावं तसा.

वळून पाहिलं तर मागच्या दोरावर कुणी नव्हतं.

मी रेडिओ घेतला.

"टायगर फॉर ब्राव्हो. दो आदमी बर्फ में. ओव्हर."

"ब्राव्हो, नाम बताओ. ओव्हर."

नावं सांगितली आणि खाली उतरलो. अंतोन सापडायला वेळ लागला नाही. तो छातीपर्यंत गाडला गेला होता. उजवा हात बाहेर, तोंड चढाकडे. आम्ही त्याच्याकडे पाहत होतो, म्हणजे आमची पाठ चढाकडे होती. त्याच्या कमरेचा दोर ताणलेला होता आणि मागे सरळ बर्फात घुसत होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला बालाजी.

सरकलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो. मी अंतोनच्या छातीशी खोरं लावलं. त्यानं मोकळ्या हातानं खोऱ्याचा दांडा धरला.

"मागचा आधी, साब."

"दोन मिनिटांत निघतोस. हात सोड."

"दोन मिनिटं न्हाईत. वरचं फाटून राहिलंय."

मी वळून पाहिलं. वर, उताराच्या माथ्याखाली, आडवी भेग गेली होती. मे महिन्यात आमच्याकडे काळ्या रानाला पडते तशी. त्याला ती सुरुवातीपासून दिसत होती. आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती.

"हात सोड. हुकूम आहे."

त्यानं दांडा सोडला नाही. ढकलून खोऱ्याचं पातं दोराच्या दिशेला वळवलं.

"खोरं तिकडं, साब."

हुकूम मोडला असं त्याच्या सर्व्हिसमध्ये एकदाच घडलं. आम्ही तिघांनी दोराच्या मागे खणायला घेतलं. बालाजी निघाला तेव्हा निळा पडला होता, पण श्वास होता. दोघांनी त्याला ओढत खडकाआड नेलं. मी खोरं घेऊन अंतोनकडे वळलो. पाचसहा पावलं उरली होती. तेव्हा वरचं सगळं खाली आलं. मला बाजूला फेकलं, त्याला झाकलं.

"एक मिला. एक नहीं मिला. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी मिळाला. हात वरच होता.

खालच्या इस्पितळात डॉक्टरनं बालाजीला तपासलं आणि म्हणाला, इतका वेळ बर्फाखाली राहून हा जिवंत कसा? ती डॉक्टरी शंका होती. बालाजीनं तिचा निकाल करून टाकला. त्याला आता आठवायला लागलं की बर्फाखाली एक पांढऱ्या दाढीचा माणूस दिसला होता. अंतोनच्या खाटेवर अल्बानबाबाचा फोटो चिकटवलेला होता आणि बालाजी तो रोज पाहत होता.

मी म्हणालो, "बर्फाखाली काळोख असतो."

"तेच तर म्हनून राहिलो, साब. काळोखात दिसला!"



शवपेटी घेऊन मी अंतोनच्या गावी गेलो. त्याच्या आईनं, मार्थाबाईनं, रडून झाल्यावर एकच विचारलं, "शेवटी काय म्हनला?" मी शब्द जसेच्या तसे सांगितले. तिनं मान हलवली. फौजेच्या चौकशीतही मी तेच सांगितलं. तिथं निष्कर्ष निघाला नैसर्गिक आपत्ती.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. पुढे काही वर्षांनी रोमनं अल्बानबाबाला धन्य घोषित केलं. ही संतपदाच्या आधीची पायरी. त्याचा समारंभ गावात झाला. लातूर-नांदेडहून गाड्या आल्या, बँड आला, स्वागताचे फलक लागले. एका फलकावर एका माजी मंत्र्याचं डोकं बाबाच्या डोक्यापेक्षा मोठं होतं. विहिरीला स्टीलचा कठडा बसवला. स्टेजवर पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाणी. नंतर प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी पोहरा ओढला आणि त्यातलं पाणी स्वतःच्या ग्लासात ओतून प्यायले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मार्थाबाई त्यांच्यात होती.

संत व्हायला मात्र आणखी एक चमत्कार लागतो, असं मला समजावलं गेलं. बालाजीचं प्रकरण कुणीतरी पुढे केलं. तो स्वतः दरवर्षी धर्माबादहून येऊन विहिरीवर नारळ फोडत होताच. कागद तयार झाले. तिथं हजर असलेला माणूस म्हणून मला साक्षीला बोलावलं. साक्ष घेणारे एक बारीक अंगाचे, सभ्य धर्मगुरू होते. बरोबर एक डॉक्टर.

मी चर्चच्या आवारात शिरलो तेव्हा मार्थाबाई चिंचेखाली माझी वाट पाहत उभी होती.

"साहेब, तुमी त्यायला काय सांगनार?"

"झालं ते."

"बालाजीला बाबानं वाचवलं म्हना."

"अंतोननं वाचवलं, माय."

तिनं माझी बाही धरली. मग म्हणाली, "बाबानं केलं असंल तर माज्या लेकाचा विलाज न्हवता. वरून बोलावनं आलं, गेला. तेवढं मी सोसते. पन त्यानं तुमचं खोरं धरलं म्हंजी त्याला येळ हुता. बोलला म्हंजी सुद हुती. आन् तवा त्याला मागचा आठवला. मी न्हाई आठवले."

"नियम तुमच्याच विहिरीचा, माय."

"हाव. मीच शिकवला. लहान हुता, तान लागली की सवताचाच तांब्या भरायचा. ऐकंना, तवा हातावर चापट मारली मी. त्याच हातावर."

आतून मला हाक आली.

"लई शिकलेले हाव तुमी," ती म्हणाली. "एक वाक्य इकडचं तिकडं करा. माज्यासाठी."

आत पंखा होता, टेबलावर रेकॉर्डर होता. फादरनी विचारलं, "अंतोननं प्रार्थना केली का? बाबांचं नाव घेतलं?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. घाई नाही."

"आठवावं लागत नाही. तो तीनदा बोलला. मागचा आधी. वरचं फाटून राहिलंय. खोरं तिकडं."

डॉक्टर म्हणाले, "पण बालाजी इतका वेळ बर्फाखाली होता."

"जेरीकॅन त्याच्या छातीशी अडकला होता. तोंडापुढे जागा राहिली. हवा होती."

"हे कागदात नाही."

"मला आधी कुणी विचारलं नाही."

खिडकीतून चिंच दिसत होती. मार्थाबाई तिथंच होती, इकडे पाहत.

फादर म्हणाले, "म्हणजे तुमच्या मते तो वाचला..."

"तीन माणसांच्या खोऱ्यांनी. आणि चौथ्याच्या हातानं."

त्यांनी रेकॉर्डर बंद केला. माणूस प्रामाणिक होता. "सुभेदारसाहेब, तुम्ही सरळ बोललात. आमची अडचण अशी, की चमत्कारात माणसाचा हात दिसता कामा नये. इथं तो दिसतो."

"दिसतो. मी शेवटी तेवढाच पाहिला."

 मी उठताना विचारलं, "अंतोनसाठी तुमच्याकडे काही आहे का?"

"त्याची वाट निराळी. फार लांबची आहे."

"त्याला घाई नाही," मी म्हणालो.

प्रकरण तिथंच संपलं. फौजेला त्या हातात माणूस दिसला नव्हता, आणि चर्चला देव दिसला नाही. बालाजीचा फोन आला. "साब, तुमी बाबाला संत होऊ देलं न्हाई. मी जित्ता हाव, मला इचारा की!" मी म्हणालो, तू जिवंत का आहेस हे मला माहीत आहे. त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो विहिरीवर येतो, पण मी येणार त्या दिवशी नाही.

मी दरवर्षी अंतोनच्या तारखेला एसटीनं जातो. बाबाच्या थडग्यापलीकडे त्याची कबर आहे. दगडावर नंबर, हुद्दा आणि नाव. आधी कबरीवर जायचं, मग विहिरीवर पाणी घ्यायचं, असा माझा रिवाज. आता घराघरांत नळ आहेत. विहिरीवर म्हातारी माणसं तेवढी येतात.

यंदा गेलो तेव्हा कठड्यापाशी एकटी मार्थाबाई होती. साक्षीनंतर आमची गाठ पडली नव्हती. मी बाटली घेऊन तिच्या मागे उभा राहिलो. दोघंच असलो तर हिशेब सोपा असतो. तिनं माझी भरायची, मी तिची. तिनं पोहरा सोडला, शेंदला, कठड्यावर टेकवला. मी बाटलीचं झाकण काढून हात पुढे केला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकून पोहरा स्वतःच्या घागरीत ओतला. दुसरा शेंदला, तोही ओतला. घागर काठोकाठ भरली. त्या गावात आपली घागर आपण भरताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. तिनंही आयुष्यात पहिल्यांदाच भरली असावी, कारण ओतताना धार चुकली आणि बरंच पाणी चुंबळीवर सांडलं.

"सरका," ती म्हणाली.

मी सरकलो. ती घागर घेऊन गेली. वळून पाहिलं नाही.

विहिरीवर मी एकटा उरलो. पोहरा समोर होता, पाणी फार खोल नव्हतं. मागे कुणी येतं का याची वाट पाहिली. शेवटची एसटी फाट्यावरून जायची वेळ झाली तरी कुणी आलं नाही. कबरीवरून पुन्हा जाताना थांबलो, सलाम केला आणि फाट्याकडे निघालो. तहान लागली होती. औशापर्यंत पाणी प्यालो नाही.