दहा बोल्ट, दहा ठिपके

अर्धांगाच्या झटक्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात गेला आणि हातापाठोपाठ बोलणंही गेलं. जीभ शाबूत होती, बोलायची इच्छा मात्र उरली नव्हती. आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात फिटर आणि शेवटी लाइनवर तपासनीस असलेला हा माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. मी काही विचारलं तर मान हलवायचा. सात महिने असेच गेले.

मग त्यांची डिझेल गाडी बसली. गाडी सोळा वर्षांची. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं, मागून पांढरा धूर यायचा आणि इंजिनातलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. मेकॅनिकने बघितलं आणि हात झटकले. इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग गेलंय, म्हणाला, आता हिच्यामागे लागण्यात अर्थ नाही, भंगारात द्या. मी भंगारवाल्याला फोन लावणारच होते, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"भंगारात नाय द्यायची. तू खोल. मी सांगतो."

मी सरकारी कचेरीत कारकून. पाना आणि पक्कड यांतला फरक कळतो, एवढंच माझं यांत्रिकी शिक्षण. पण सात महिन्यांत ते पहिल्यांदा आपण होऊन बोलले होते. मी पाना हातात घेतला तो गाडीसाठी नाही. गाडी मेली तर हा माणूस पुन्हा गप्प होईल, आणि या वेळी कायमचा, याची मला भीती होती.

पुढचे चार रविवार पत्र्याच्या शेडखाली ते प्लास्टिकच्या खुर्चीत आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून. काढलेला प्रत्येक नट मी चिठ्ठी लावून डब्यात ठेवायची. चिठ्ठ्या लावण्यात मी पटाईत. अण्णा खेकसायला लागले. "अगं, पाना हाय तो, लाटणं नाय!" ऐकून मला रडू यायचं, आनंदाचं. ते जेवायला लागले. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं. हेड जुन्या चादरीत गुंडाळून मी स्कूटरवरून वर्कशॉपमध्ये नेलं, घासून सपाट करून आणलं.

पाचव्या रविवारी हेड परत बसवायचं होतं. दहा बोल्ट, मधून बाहेरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळायचे. पहिल्या दोन फेऱ्यांना ठरलेला जोर लागला की पाना टक् वाजून सांगतो, पुरे. तिसऱ्या फेरीला प्रत्येक बोल्टला अजून पाव वळसा, आणि तिथे पाना काही सांगत नाही. बघून कळतही नाही. म्हणून अण्णांची कारखान्यातली रीत अशी, की पाव वळसा दिला की लगेच त्या बोल्टवर रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे काम पुरं. एखादा राहिला तर पॅकिंग पुन्हा जाणार. एखाद्याला दोनदा दिला तर बोल्ट तुटणार.

रंग म्हणून माझं लाल नेलपॉलिश घेतलं होतं. बाटली जुनी, उघडी ठेवली की घट्ट व्हायची. दुसरी फेरी झाल्यावर मी सरळ दहाही बोल्टांवर ठिपके दिले आणि मग वळसे द्यायला लागले. आमच्या कचेरीत असंच चालतं. तपासणी जवळ आली की रकान्यात आधी सगळीकडे टिक, फायली मागाहून. इतक्या वर्षांत कधी अडलं नव्हतं. अण्णा समोरच होते, पण बॉनेटच्या आतलं त्यांना खुर्चीतून दिसत नव्हतं.

सहावा झाला होता, की सातवा? अण्णांनी हाक मारली, त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्यांना नेऊन आणायला वीस मिनिटं लागतात. परत येऊन पाना उचलला आणि आत वाकून बघितलं. दहाही बोल्ट लाल, दहाही सारखे.

"झालं का सगळं?" अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

पुढचे चार तास मी पट्टा चढवला, नळ्या जोडल्या, ऑइल आणि पाणी भरलं. अण्णा मजेत होते. त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं. "पोरीनं इंजिन बांधलं बघा!" माणसं गोळा झाली. त्यांनी डाव्या हाताने किल्ली पुढे केली.

मी किल्ली घेतली नाही.

"अण्णा, तीन-चार बोल्ट राहिलेत. सातवा झाला की नाही, मला आठवत नाही. ठिपके मी आधीच दिले होते."

शेजारी एकेक करून निघून गेले. अण्णा बॉनेटकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कंपनीत सख्ख्या भावाचं काम आलं तरी मी मोजायचो," ते हळूच म्हणाले. "आज नाय मोजलं. तू करतीस म्हणून डोळे मिटले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते म्हणाले, "उघड. पॅकिंग नवं, बोल्ट नवे."

पुढच्या रविवारी त्यांनी खुर्ची बंपरला चिकटवून घेतली आणि प्रत्येक वळसा वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. गाडी तिसऱ्या सेल्फला चालू झाली. मी त्यांना त्र्यंबक रोडवर फिरवून आणलं. आता ते बोलतात, भांडतात, बातम्यांवर शिव्या घालतात.

फक्त मी कशालाही "झालं" म्हटलं की काठी टेकत उठतात. गॅस बंद केला, दाराला कडी लावली, गोळ्या डबीत भरल्या, काहीही असो, स्वतः जाऊन बघतात आणि मगच बसतात. डॉक्टर म्हणतात, एवढं चालणं त्यांना चांगलं आहे. मी त्यांना अडवत नाही, पण ते उठले की प्रत्येक वेळी मान खाली घालते.