पूर्ण फीची अट

माझ्या बापाच्या अंगावरचा कोट त्यांनी सभागृहाच्या दारातच काढायला लावला.

कोट आबाचा नव्हता. गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून मागून आणलेला. काळा, कोपरावर विरलेला. पण कोट. आयुष्यात पहिल्यांदा कोट घालून आबा सोलापूरला आला होता. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा दचकला आणि आधी कोटाची गुंडी चाचपली. मला शिकायला फी देणाऱ्या फंडाचे चिटणीस दारात उभे होते. पेशानं वकील, खांद्यावर जरीकाठी उपरणं. त्यांनी आबाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“मी काय सांगितलं होतं? जसे असतात तसे आणायचे. हा काय लग्नाला आलाय?”

आबाला वाटलं, कोट उसना असल्याचं यांनी ओळखलं. तो ओशाळून हसला. “मास्तरांचा हाय जी. तुमच्या सभंला म्हनून घातला.”

“काढ तो. घोंगडी कुठंय?”

घोंगडी माझ्या काखेत होती. आबानं कोट काढला, सुरकुती पडू नये अशी घडी घातली आणि माझ्या हातात दिला. खाली सदरा नव्हता. उघड्या अंगावर त्यानं घोंगडी घेतली. चिटणीसांनी ती स्वतःच्या हातानं खांद्यावर सारखी केली. दोन पावलं मागं सरून पाहिली. म्हणाले, “हां. आता खरं वाटतं.”

हे मी का होऊ दिलं, ते सांगतो.

मला वकील व्हायचं होतं. आम्ही सांगोल्याकडचे धनगर. आमच्या माळावर पाऊस नसतो. वर्षातले निम्मे दिवस मेंढरांमागं परमुलखात जातात. फिरता फिरता जंगलखात्याची हद्द ओलांडली, कुणाच्या पिकात मेंढरू शिरलं, की कोंडवाडा, दंड, कोर्ट. लहानपणी मी आबाबरोबर कोर्टात गेलो आहे. वकील बोलायचे, न्यायाधीश लिहून घ्यायचे. आबा हात जोडून उभा. सगळं त्याच्याबद्दलच चाललेलं, आणि त्याला त्यातलं काही कळत नसे. बाहेर आल्यावर मला विचारायचा, “काय म्हनलं रं त्ये?” मला सांगता येत नसे. शाळेत जाणारा मी. मलाही कळलेलं नसे.

कोल्हापुरात बोर्डिंगात राहून मी बी. ए. झालो. पुढं पुण्याचं लॉ कॉलेज. तिथली अर्धी फी कुणी दिली तरी माझं भागणार नव्हतं. उरलेल्या अर्ध्या फीसाठी आबानं मेंढरं विकली असती, आणि मेंढरं विकलेल्या धनगराच्या हातात नुसती काठी उरते. मला पूर्ण फीच हवी होती. तिच्यासाठी मी सोलापुरातले उंबरे झिजवले. जो तो फंड आपापल्या जातीचा. एका ठिकाणी आडनाव ऐकून बसासुद्धा म्हटलं नाही. एका गृहस्थांनी सांगितलं, “शेतकी शीक, लगेच देतो.” नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानात मालक म्हणाले, “धनगराला वकिली कशाला? मेंढरं काय फिर्याद करायला येतात?” गादीवरचे सगळे हसले. मीही हसलो. मागायला गेलेल्या माणसाला हसावं लागतं.

बाजारात वाटली जाणारी पत्रकं वाचून मी मोठा झालो. माणसानं ताठ मानेनं जगावं, हे मला पाठ होतं. पाठ असणं निराळं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहणं निराळं.

शेवटी हा फंड. शहरातल्या एका शेठजींनी काढलेला. चिटणीसांनी माझी इंग्रजी तपासली, गुण विचारले आणि म्हणाले, “लॉच्या दोन्ही वर्षांची पूर्ण फी मिळेल.” माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मग अट सांगितली. समारंभाला कलेक्टरसाहेब यायचे आहेत. “वडिलांना घेऊन ये. घोंगडी, काठी, आणि जमलं तर एखादं कोकरू. धुतलेलं धोतर नको. आपला पैसा कुठं जातो ते देणाऱ्यांना दिसायला हवं.”

मी हो म्हटलं. आबाला फक्त एवढंच सांगितलं, की साहेबांना तुला भेटायचंय आणि कोकरू बघायचंय. म्हणून तर त्यानं कोट मागून आणला.

येताना सर्व्हिस मोटारीतला कंडक्टर म्हणाला, “म्हाताऱ्या, कोकराचं तिकीट कोन काढनार?” आबा म्हणाला, “मांडीवर बसतंय की त्ये. बाईच्या कडंवरल्या पोराचं घेतासा व्हय तुमी?” सगळी मोटार हसली. कंडक्टरही हसला आणि कोकराच्या डोक्यावर टपली मारून पुढं गेला. ते हसू मला आठवतं, कारण त्यानंतर ऐकलं ते त्याच्यासारखं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. पुढं साहेब, मडम, शेठजी. आबाला व्यासपीठावर उभं केलं. बसायला खुर्ची नव्हती. कोकरू एका शिपायानं धरून पार मागं, दाराशी नेलं. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही. चिटणीस इंग्रजीत बोलायला उठले. म्हणाले, ही एक रानटी जमात आहे, हे लोक जनावरांत जन्मतात आणि जनावरांतच मरतात, आणि शेठजींच्या औदार्यानं यांच्यातला एक जण आज माणसात येतो आहे. टाळ्या पडल्या. आबानं टाळ्या ऐकल्या आणि हात जोडून हसला. आपली तारीफ चालली आहे असं त्याला वाटलं. माझ्या बोर्डिंगाचा, माझ्या बी. ए.चा मला त्या क्षणी एवढाच उपयोग झाला, की ती शिवी मला शब्द न् शब्द समजली.

मग चिटणीस मराठीत म्हणाले, “आता ती तुझी हाळी दे बरं. मेंढरांना घालतोस ती. साहेबांना ऐकायचीय.”

आबाचं हसू गेलं.

आमच्यात एक रीत आहे. मेंढरं हाळीवर येतात ती विश्वासानं येतात. पाणी असलं, चारा असला, लांडग्याचा वास आला, तरच हाळी घालायची. उगाच घालायची नाही. लहानपणी मी एकदा खेळता खेळता घातली, तर आबानं मला काठीनं मारलं होतं. त्याचा मार मी तेवढाच खाल्ला.

“मेंढरं कुटं हायती हितं, मालक?” आबा म्हणाला.

“अरे, कोकरू आहे ना. दे.”

“उगं न्हाय देत आमी.”

चिटणीस त्याच्या कानाशी वाकले, पण आवाज काही लहान केला नाही. “पोराच्या फीचं काम आहे, बाबा.”

आबानं माझ्याकडे पाहिलं. “द्यू का रं?”

मी हातातल्या कोटाची घडी सारखी केली.

त्यानं डोळे मिटले आणि हाळी दिली. माळावर ती कोसभर जाते. चार भिंतींत ती केवढी मोठी झाली! मडमेनं कानांवर हात ठेवले. शिपायानं दोर सोडला आणि कोकरू खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, फरशीवर घसरत, पडत, उठत धावत आलं. सभागृह खदखदा हसत होतं. कुणी शीळ घातली, कुणी “बें बें” केलं. कोकरू व्यासपीठावर चढलं, आबाच्या पायांशी आलं आणि तोंड वर करून उभं राहिलं. द्यायला आबाकडे काही नव्हतं. तो खाली बसला. त्याचं तोंड ओंजळीत धरून म्हणाला, “चुकलं माज्या माय. चुकलं.”

साहेबांनी फीचं पाकीट पुढं केलं. शेठजींनी मला हातानं खूण केली.

मला इंग्रजीत बोलता आलं असतं. मी मराठीत बोललो, आबाला कळावं म्हणून. “मला ही फी नको.”

“मस्ती आली का रे?” चिटणीस दात आवळून म्हणाले. “घे आणि खाली बस.”

शेठजी समजुतीच्या सुरात म्हणाले, “अरे, गंमत होती ती. एवढं काय जिवाला लावून घ्यायचं?”

“तुमच्या वडिलांची करा गंमत. पूर्ण सभेपुढं.” एवढंच म्हणालो. कोकरू उचललं, आबाचा हात धरला आणि मधल्या वाटेनं बाहेर आलो. आता कुणी हसत नव्हतं.

मला वाटलं होतं, आबाला बरं वाटेल.

मोटारीच्या अड्ड्यापर्यंत तो माझ्या पुढं पुढं चालला. तिथं पोचल्यावर कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, “मी दिली की हाळी. मुक्या जित्राबाला फशिवलं. आन तू घेतलं न्हाईस.”

“आबा, ती लोकं तुला हसत होती.”

“ठावं हाय. मला काय तेवडं बी समजत न्हाय व्हय? हसूं देत की. तू वकील झाला आस्तास, तर मी रोज दिली आस्ती.”

त्या हंगामात आबा मेंढरं घेऊन गेला तो मला न भेटता गेला. चिटणीसांनी शहरभर सांगितलं, की पोरगा माजोरी आहे. आता सोलापुरातला कुठलाही फंड मला दारात उभं करत नाही. मी गिरणीत हजेरीकारकून आहे. रात्री खोलीवर उसनी आणलेली कायद्याची पुस्तकं वाचतो. गावाकडं आई म्हणते, एक पाकीट घेतलं असतंस तर काय झालं असतं.

पण एक गोष्ट मला आता स्वच्छ दिसते. माझा बाप माझ्यासाठी रोज हाळी देईल, हे मला त्या अड्ड्यावर कळलं. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. पोरासाठी गरीब माणूस कुठवर वाकेल हे त्यांनी नेमकं हेरलं होतं, आणि तिथपर्यंत वाकवून वर त्याला दान म्हटलं. असल्या दानानं मी वकील झालो असतो, तर जन्मभर त्यांच्याच बाजूनं उभा राहिलो असतो.

मी लॉ कॉलेजात जाणार आहे. पूर्ण फी भरून, गिरणीच्या पगारातून साठवलेली. उशीर होईल. माझ्या बरोबरीची मुलं सनदा घेऊन कोर्टात उभी राहतील, तेव्हा मी वर्गातल्या बाकावर बसलेला असेन. बसेन. पुन्हा कुणाकडं अर्ज करणार नाही. माझ्या माणसाला कुणापुढं उभं करणार नाही. आबा तोवर असेल की नाही, माहीत नाही. तो नसला तरी मी जाणार.