उर्सुलाच्या भुवया

उपचार संपले, डोक्यावर आखूड कुरळे केस परत आले, पण उर्सुलाच्या भुवया काही येईनात. दोन हजार चार साल होतं. होळी गावच्या शाळेत शिकवायला निघताना ती रोज पेन्सिलने भुवया रेखायची आणि दुपारपर्यंत घामाने त्या पुसून जायच्या. मुलं टक लावून बघायची. त्याचं तिला काही वाटत नसे. धास्ती होती ती आयची.

आय सांडोरला, धाकट्या लेकाकडे, गॅब्रिएलकडे राहायची. उर्सुलाला कॅन्सर झाल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. थोरली लेक सेलिन ह्याच आजाराने आयच्या मांडीवर गेली होती आणि त्यानंतर कितीतरी महिने आय धड जेवली नव्हती. पुन्हा तेच नको, म्हणून भावंडांनी एक थाप ठरवली, उर्सुला नाशिकला ट्रेनिंगला गेलीय. आय तिच्याशी फोनवर बोलायची. आवाज तर तोच होता. शिवाय आयच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थाप खपून गेली.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. आयला दिसणार होतं.

उर्सुलाची जुनी विद्यार्थिनी प्रिन्सी भुवया गोंदायचं काम बांद्र्याला शिकून आली होती. वसईत तिचं छोटं पार्लर होतं.

"टीचर, डॉक्टर हो म्हणाले का? त्याशिवाय मी सुई लावणार नाही."

"म्हणाले ग बाई. तू कर."

तरी प्रिन्सीने आधी कानामागे रंगाचा ठिपका देऊन पाहिला. खाज नाही, सूज नाही, हे बघून मगच पुढच्या आठवड्यात तिला बोलावलं. कोऱ्या सुईचं पाकीट तिच्यासमोर फोडलं.

"आज एकदम बूटपॉलिश लावल्यासारख्या दिसतील. घाबरायचं नाही. खपली धरेल, ती खरवडायची नाही. बरं होईतो पाणी लावायचं नाही. मग रंग बराच उतरेल. आणि पुढे काही वर्षांनी निळसर झाल्या तर मला शिव्या नाही द्यायच्या. ओठपण करू का?"

"मला काय नवरी करतेस?"

"तसंही नकोच. तुमच्या ओठांवर जराचे फोड उठतात, शाळेत असल्यापासून बघतेय. सुईने ते उसळतात."

"काही वर्षं मिळू देत," उर्सुला म्हणाली, "निळ्या भुवया घेऊन मी मिरवेन."

प्रिन्सी हसायला गेली, पण तिला हसता आलं नाही.

खपल्या गळाल्या, रंग बसला. आयच्या दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली आणि उर्सुला सांडोरला गेली. आयने काळा चष्मा काढला, डोळे मिचकावले. आधी गॅब्रिएलकडे बघून नेहमीची थट्टा केली.

"हा टकल्या कोण?"

सगळे हसले. मग आय लेकीकडे वळली.

"केस कशाला ग एवढे कापलेस?"

"उकडतं, आय."

"बाकी तशीच आहेस बाय. जरा वाळलीस."

उर्सुलाचा जीव भांड्यात पडला. चहा झाला, केळी झाली. निघताना तिने नेहमीसारखा आशीर्वाद मागितला, वाकली. आयने अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि जन्मभराच्या सवयीने तोच अंगठा भुवईवरून फिरवला. पोरं लहान असल्यापासून ती प्रत्येकाच्या भुवया अशाच निगुतीने बसवायची. प्रिन्सीने सगळं बजावलं होतं, पण ह्या अंगठ्याचं तिला काय ठाऊक? उर्सुलालाच आठवायला हवं होतं.

अंगठा थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा फिरला. डोळ्यांना काळी भुवई दिसत होती आणि हाताला नुसती गुळगुळीत कातडी लागत होती.

"सेलिनची अशीच लागायची," आय म्हणाली.

गॅब्रिएल उठून वाडीत निघून गेला.

"मी बरी आहे आता, आय. खरंच."

"सेलिनपण तेच सांगायची."

आयने काळा चष्मा पुन्हा चढवला. मग लेकीला पुढ्यात बसवून ती अंगठ्याने तिच्या भुवया नीट बसवत राहिली.