उष्णता, साखर आणि तिसरंच काहीतरी

व्हिजिट व्हिसावर रियाधला आल्यापासून सासूबाईंचा घोळणा दिवसाआड फुटत होता. इथली हवा कोरडी, त्यात एसी, म्हणून सगळ्यांनी ते उष्णतेवर ढकललं. त्या सब्जा भिजवायच्या, नाकात तूप सोडायच्या. पायांवर लाल ठिपके उठले तर घामोळं म्हणून पावडर थापली. आता या हवेत घाम तरी कुठे येतो? पण त्यांच्यापुढे बोलणार कोण.

किडनीचं मात्र वेगळं. मधुमेह जुना, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं असायचंच, पण या खेपेला ते झपाट्याने चढलं. नवरा अल खर्जला डेअरीच्या कामावर, त्यामुळे दवाखाना माझ्याच गळ्यात. किडनीचे डॉक्टर इजिप्तचे. ते इंग्रजीत विचारायचे, मी मराठीत सांगायची. आणखी काही त्रास? सासूबाई ठामपणे नाही म्हणाल्या. नाकाचं सांगू का, असं हळूच विचारलं तर त्यांनी डोळेच वटारले. उष्णता ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे का! नाकाचा आणि किडनीचा संबंध मला तरी कुठे दिसत होता.

तिथेच, बीपी मोजताना, नाकातून धार लागली. सासूबाईंनी सराईतपणे पदर लावला आणि डॉक्टरांना हातानेच 'काही नाही' अशी खूण केली. डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी पाय बघितले. मग रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, आणि शेवटी किडनीचा तुकडा काढून तपासणी.

निदान ऐकून माझं डोकंच चालेना. बारीक रक्तवाहिन्यांना सूज. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांच्यावरच उलटलेली. नाकात, कातडीत, किडनीत. क्वचित होणारा आजार. मग साखरेचं काय? तर तेही आहेच म्हणे. एकाच किडनीत दोन आजार! कुठलं नुकसान कुणाचं, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि दर वेळी आधीपेक्षा कमी कळलं. भयंकर चिडचिड झाली, आणि भीतीही वाटली.

सासूबाईंना एकच हवं होतं. "विचार त्याला, डायलिसिस लागेल का मला?"

डॉक्टर बराच वेळ बोलले. साखरेने झिजलेला भाग परत येणार नाही. सुजलेला भाग स्टिरॉइडने कदाचित सावरेल. किती, ते आज सांगता येत नाही.

"काय म्हणाला?"

"बघू म्हणाले, आई."

"एवढं बोलला, आणि नुसतं बघू?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. डायलिसिसचं मला खरंच त्याहून जास्त काही कळलं नव्हतं.